ब्रेक तपासणाऱ्या साडूंचा कॉम्प्युटर

भोसरीपासून रावेतपर्यंत आणि वर चाकण धरून जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांत माझ्या साडूंइतका घाबरट माणूस नाही, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वय बावन्न, अंगापिंडानं भक्कम, मिशा अशा की बसमध्ये अनोळखी माणूस आपणहून सरकून जागा देतो. आणि हा मिशीवाला गृहस्थ लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी आत चिकटवलेली तपासणीची तारीख वाचतो. तारीख उलटली असेल तर सात मजले जिन्यानं. छताच्या पंख्याच्या बरोबर खाली ते झोपत नाहीत. त्यापायी पलंग एवढा बाजूला सरकवलाय की कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि ताई, म्हणजे माझी मेव्हणी, गेली नऊ वर्षं त्या अर्ध्या दारातून साड्या ओढून काढतायत. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी हे स्टेजखाली शिरले होते. थोरले जावई कुठं गेले म्हणून सगळीकडं शोधाशोध, आणि हे खाली वाकून बोल्ट हलवून बघतायत. वर येऊन माझ्या कानात म्हणाले, "साडू, डाव्या बाजूला जास्त माणसं घेऊ नका." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर त्या बाजूचे दोन बोल्ट खरोखरच ढिले निघाले. मंडपवाल्यानं ते गुपचूप आवळले. साडूंच्या भीतीचं हेच वाईट आहे, ती दहातून दोनदा खरी निघते आणि मग उरलेल्या आठ वेळा आपल्याला काही बोलता येत नाही.

यात त्यांच्या नोकरीचा दोष मोठा. ते मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं ब्रेकचे भाग तपासतात. तुम्ही-आम्ही मोटार बघतो तेव्हा रंग बघतो, सीट बघतो. साडूंना ती मोटार थांबणार नाही याची चोवीस कारणं दिसतात. कंपनीत त्यांच्याकडं एक तक्ता असतो. काय बिघडू शकतं ते लिहायचं, मग तीन आकडे द्यायचे. बिघडलं तर किती वाईट, कितीदा बिघडू शकतं, आणि बिघडण्याआधी आपल्याला कळेल की नाही. तिन्हींचा गुणाकार करायचा, आणि जो आकडा मोठा त्याला आधी घाबरायचं. हा तक्ता त्यांनी घरी आणला. आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून लोणावळ्याला जायचं ठरवलं होतं, तेव्हा त्यांनी तो भरला आणि सगळ्यात मोठा आकडा 'माकडं' या रकान्यापुढं आला. सहल रद्द. आणखी एक खोड म्हणजे नव्या वस्तूवरचा पातळ पारदर्शक कागद, ती फिल्म, ते काढू देत नाहीत. फ्रिजच्या दारावर आहे, मायक्रोवेव्हवर आहे, टीव्हीचा रिमोट तर पिशवीसकट वापरतात. मी कित्येक वर्षं याला चिक्कूपणा समजत होतो. त्याचं खरं कारण मला फार उशिरा कळलं, तेही त्या कॉम्प्युटरमुळं.

पण आधी अपघाताचं सांगायला पाहिजे, नाहीतर हा माणूस तुम्हाला नुसता विदूषक वाटेल. अकरा वर्षांपूर्वी चाकण-तळेगाव रस्त्यावर साडू स्कूटर चालवत होते, मागं ताई होत्या. वेग काही नव्हताच. समोर कुत्रं आलं, यांनी ब्रेक दाबला. ब्रेक अगदी बरोबर लागला, पण खाली वाळू सांडलेली. साडूंना खरचटलं, आणि ताईंच्या मांडीचं हाड मोडून आत सळई घालावी लागली. ताई सहा महिन्यांनी चालायला लागल्या, जरा लंगडतात एवढंच, पण साडूंनी त्या दिवसापासून कुठल्याही वाहनाच्या हँडलला हात लावलेला नाही. स्कूटर विकली. रहाटणीतून कुठंही जायचं तर बस, नाहीतर रिक्षा. ताईंची एक म्हातारी मावशी देहूरोडला राहते, ताईंना लहानपणी तिनंच सांभाळलेलं. तिथं जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. बसची पायरी उंच, ताईंचा पाय त्या पायरीला कुरकुरतो. गेल्या वर्षी मावशीनं अंथरूण धरलं. ताई कधी हट्ट करणाऱ्यातल्या नाहीत, पण एक दिवस आमच्या घरी चहा पिताना सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मावशी आहे तोवर एकदा ह्यांच्या शेजारी बसून देहूरोडला जायचंय बघा. रिक्षात नाही. ह्यांच्या शेजारी." साडू खिडकीतून बाहेर बघत होते. 

त्यानंतर पठ्ठ्या खरोखर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. पहिल्या दिवशी काळेवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली, सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले आणि साडू दार उघडून खाली उतरले. शिकवणाऱ्याला "माफ करा" म्हणाले आणि चालत घरी आले.  मग कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ असतो. खरं स्टीअरिंग, खरे पेडल, पाऊस, ट्रॅफिक, सगळं. साडूंनी एकच प्रश्न विचारला, "धडकलं तर?" तो म्हणाला, "धडकलं तर पुन्हा चालू करायचं, राव!" साडू थेट माझ्याकडं आले. "साडू, मी काय म्हणायलोय, तिथं कुणी मरत नाही. आधी तिथं शिकतो." आता मी आयटी कंपनीत आहे हे खरं, पण मी तिथं लोकांचे पगार काढतो. कॉम्प्युटरचं झाकण मी जन्मात उघडलेलं नाही. आमच्या नातेवाइकांत मात्र हिंजवडीला जाणारा प्रत्येक माणूस कॉम्प्युटर कोळून प्यायलेला असतो, त्यामुळं माझी सुटका नव्हती. मी म्हणालो, दुकानातून तयार घेऊ, दोन तासांत विषय संपेल. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू ताईंची मांडी मीच मोडली होती. "दुसऱ्यानं आवळलेल्या स्क्रूवर मी सही करीत नसतो," म्हणाले. झालं! म्हणजे एकेक भाग निवडून, आणून, घरी जोडायचा. तोही आम्ही दोघांनी.

अंदाजपत्रक ठरलं ऐंशी हजारांचं. आठ दिवसांनी पहिला तक्ता घेऊन आले. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन. वीज गेली तर म्हणून यूपीएस. यूपीएसला झटका बसला तर म्हणून स्टॅबिलायझर. अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा, आणि तो बिघडला तर म्हणून दुसरा पट्टा. रबरी मॅट. प्रोसेसर तापेल म्हणून त्याच्यावर बसवायला वेगळा मोठा कूलर. आग विझवायचं छोटं लाल नळकांडं. शेवटी 'अनपेक्षित' या नावाखाली पंधरा हजार. आणि ज्याच्या जिवावर हा सगळा खेळ पडद्यावर दिसायचा, त्या ग्राफिक्स कार्डाला उरले होते दोन हजार तीनशे. "अहो साडू, एवढ्यात कार्डाचा खोका येईल!" मी ओरडलो. "आणि अनपेक्षित म्हणजे नक्की काय?" साडू शांतपणे म्हणाले, "ते माहीत असतं तर नाव नसतं का लिहिलं?" असे अकरा तक्ते झाले. प्रत्येकावर खाली तीन चौकोन असायचे, तयार केलं, तपासलं आणि मंजूर केलं. पहिल्यात त्यांची सही, दुसऱ्यात माझी, तिसऱ्यात ताईंची. दहाव्या तक्त्यापर्यंत ताई भाजी निवडता निवडता सही करून द्यायच्या. अकराव्याला त्यांनी हात पुसले, लाल पेन मागून घेतलं आणि 'अनपेक्षित'वर आडवी रेघ मारली. "अनपेक्षित जे व्हायचं ते होऊन गेलंय आपलं. अकरा वर्षं झाली. हे पैसे कार्डात घाला." साडूंनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं ताईंनी नंतर सांगितलं.

मग भाग यायला लागले आणि साडूंच्या हॉलची कंपनी झाली. फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा चौकोन आखला. आलेला प्रत्येक खोका आधी त्या चौकोनात, म्हणजे तपासणी बाकी. पास झाला की हिरवं लेबल, नापास झाला की लाल. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, जिथं नंतर कुणाची नजरही जाणार नव्हती, तिथं नखाएवढा ओरखडा निघाला. लाल लेबल. बदलून आणायला आम्ही गेलो तेव्हा दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, ह्यांना घरीच ठेवत जा ना." चौकोनात पाय ठेवायची कुणाला मुभा नव्हती. तीन-चार दिवसांनी मी गेलो तर चौकोन भिंतीकडं सरकलेला आणि निम्म्यानं लहान झालेला. मी विचारलं तर म्हणाले, "असंच." ताईंना स्वयंपाकघरात जाताना वळसा पडत होता, हे माझ्या बायकोनं सांगितलं.

आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. मी एका गुरुवारी रजा टाकली. साडूंनी जोडणीचा व्हिडिओ थांबवत थांबवत त्रेसष्ट पायऱ्या कागदावर उतरवल्या होत्या. मी वाचायचं, त्यांनी करायचं, मग मी मोठ्यानं "झालं" म्हणून खूण करायची. दोघांच्या मनगटांत पट्टे. प्रोसेसर जागेवर ठेवून त्यावरची कडी दाबायची वेळ आली तेव्हा साडूंच्या कपाळावरून घाम टपकायला लागला. ताईंनी पदरानं टिपला. "साडू, मला भ्या वाटायलंय," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, सरळ बोलून मोकळा. मी म्हणालो, दाबा. त्यांनी दाबली आणि आतून कर्र असा आवाज आला. दोघांनी हात वर केले. तेव्हा मात्र मीही डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू! तो आवाज होतच असतो हे व्हिडिओतही सांगितलेलं होतं, पण स्वतःच्या हाताखाली झाल्यावर कुणाला व्हिडिओ आठवतो? नंतर मी "झालं" इतक्या हळू म्हणालो की साडूंनी परत म्हणायला लावलं.

संध्याकाळी साडेपाचला त्रेसष्टावी पायरी. बटण. ताई लाल नळकांडं हातात घेऊन उभ्या, मी दाराजवळ, साडू खुर्चीत. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. धूर नाही, वास नाही. साडूंनी स्टीअरिंग टेबलाला आवळलं, पेडल पायाशी ठेवले आणि खेळ चालू केला. ट्रक एका गोदामाच्या आवारात उभा होता. त्यांनी आरसे बघितले. पुन्हा बघितले. ट्रक इंचाइंचानं गेटकडं निघाला. गेटबाहेर मोठा रस्ता, गाड्या धावतायत. ट्रकचं तोंड गेटातून बाहेर आलं आणि टप्प! पडदा काळा. पंखे बंद.  मी टेबलाखाली वाकून बघितलं, साडूंचा पाय अजून ब्रेकवरच होता. पुन्हा चालू केलं, चार मिनिटांत पुन्हा टप्प. साडू उठले, लाल लेबल आणलं आणि कॅबिनेटवर चिकटवलं. ताईंना म्हणाले, "बसच बरी. आपल्या नशिबात नाही ते." ताई नळकांडं जागेवर ठेवून कुकर लावायला गेल्या. मला त्या यंत्राचा असा राग आला की लाथ घालावीशी वाटली.

तो आठवडा वाईट गेला. माझ्या बायकोनं रोज फोन करून विचारावं आणि ताईंनी रोज सांगावं की लाल लेबल तसंच आहे. पण बावीस वर्षांची सवय शेवटी कामी आली. नापास झालेल्या मालाचं कारण न शोधता तो तसाच ठेवणं साडूंना जमत नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनीच बोलावलं. भिंतीवर कागद लावला होता. कंपनीत ते करतात तसं, एकामागून एक 'का' विचारत जायचं. बंद का पडला? तापला म्हणून. का तापला? उष्णता कूलरमध्ये गेली नाही. का गेली नाही? इथं साडू अडले होते. आम्ही कूलर खोलला. प्रोसेसरवर आम्ही लावलेली, उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट जशीच्या तशी होती, आणि कूलरच्या चकचकीत तळव्यावर गुळगुळीत, पारदर्शक, नीट कापलेली फिल्म. तिच्यावर ठळक इंग्रजीत छापलेलं, लावण्याआधी काढा.

"साडू, हे तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं. "दिसलं की." "मग?" साडूंनी कूलर हातात उलटसुलट केला. "कंपनीत घासून पॉलिश केलेल्या भागावर फिल्म असती. ती आपण काढायची नसती. कस्टमर काढतो. मी किती पोरांना मेमो दिलेत फिल्म काढली म्हणून. माझा हातच गेला नाही बघा तिकडं." मी फ्रिजकडं बघितलं, मायक्रोवेव्हकडं बघितलं, पिशवीतल्या रिमोटकडं बघितलं. कोण देवा हा माणूस! नऊ वर्षं हा स्वतःच्या घरात दुसऱ्याचा माल सांभाळत बसला होता. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाल्या, "अहो, मग इथं कस्टमर कोण आहे?" साडूंनी मान वर केली. "कोण?" "आपणच की." साडूंनी नखानं फिल्मचा कोपरा सोडवला आणि इतक्या सावकाश ओढली की मला त्यांच्या हातातून हिसकून घ्यावीशी वाटली. मग ते उठले आणि फ्रिजच्या दाराचीही काढली. ताईंनी त्या चकचकीत दारावरून नुसता हात फिरवला.

त्यानंतर कॉम्प्युटर बंद पडला नाही. साडूंचा ट्रक मात्र चार गुरुवार आवाराच्या बाहेर पडला नाही. पाचव्या गुरुवारी पडला, तासाला तीस किलोमीटरनं. मागच्या खोट्या गाड्या खोटे हॉर्न मारायला लागल्या आणि साडूंचा खरा शर्ट भिजला. ताई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, पाय स्टुलावर लांब करून, शेंगा सोलत. एकदा पावसाचा रस्ता होता, वळणावर समोरून बस आली. साडूंनी ब्रेक दाबला, ट्रक घसरला आणि दुभाजकावर आडवा झाला. काच फुटल्याचा मोठा आवाज. साडूंनी स्टीअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी दारात होतो, मला आत जायचा धीर होईना. ताईंनी शेंगांची परात खाली ठेवली, त्यांचे हात तोंडावरून काढले आणि म्हणाल्या, "बघा इकडं. मी बसलीये की इथं. मला काही झालेलं नाही." साडूंनी त्यांच्याकडं बघितलं.  मग म्हणाले, "पाय?" ताई म्हणाल्या, "पाय आहे जागेवर. चालू करा परत." मी चपला घालून खाली निघून आलो. अशा वेळी माणसानं तिथं थांबू नये.

पुढं ते परत त्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. शिकवणाऱ्यानं ओळखलं आणि पहिल्याच दिवशी आतून दार लॉक केलं. तिसऱ्या महिन्यात लायसन्स हातात आलं, आणि एका गुरुवारी सकाळी साडू माझ्या दारात उभे. "साडू, तुमची गाडी द्याल का? देहूरोडपर्यंत." आता मला सांगा, जन्मभर ज्याच्या भीतीची टिंगल केली त्याला नाही कसं म्हणायचं? पण गाडीचे अजून सव्वीस हप्ते बाकी! मी रजा टाकली आणि मागच्या सीटवर बसायचं ठरवलं. निघण्याआधी त्यांनी अर्धा तास गाडी तपासली. खाली वाकून, बॅटरी लावून. उठून म्हणाले, "साडू, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. असेच फिरवता तुम्ही पोराबाळांना?" मी मुकाट्यानं गाडी गॅरेजला नेली. दुपारी बारा वाजता आम्ही निघालो. ताई पुढं, त्यांच्या शेजारी. नवी साडी नेसल्या होत्या.

त्या प्रवासात मी खिडकीवरची मूठ धरून बसलो होतो आणि माझ्या तळहाताला घाम सुटला होता. इतकी वर्षं हा माणूस रोज हे अंगावर घेऊन बसनं चाकणला जात होता, लिफ्टमध्ये चढत होता, बायकोला दवाखान्यात नेत होता, आणि मी हसत होतो. निगडीच्या पुढं रस्त्याच्या कडेला बांधकामाची वाळू सांडलेली दिसली. साडूंनी लांबूनच वेग कमी केला, आरसा बघितला, गाडी हलकेच मधल्या बाजूला घेतली आणि वाळू मागं पडली. ताईंनी मान वळवून ती मागं जाताना बघितली. मी मूठ सोडली.

देहूरोडला मावशीचं घर तळमजल्यावर आहे. आम्ही आत गेलो तर मावशी उशीला टेकून बसली होती, डोळे बारीक करून बघत. तिनं नेहमीचं विचारलं, "कशानं आलीस गं? बसनं का रिक्षानं? पाय दुखला असंल." ताई चपला काढत होत्या. म्हणाल्या, "नाही मावशी. ह्यांनी आणलं." मावशीनं कान पुढं केला तसं त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, "ह्यांनी आणलं मला." मी मागं वळून बघितलं. साडू अजून बाहेरच होते. सपाट रस्त्यावर, हँडब्रेक ओढलेल्या गाडीच्या चाकामागं दगड लावत होते. एक लावून झाला होता, दुसरा शोधत होते. मी गेलो आणि त्यांना एक दगड आणून दिला.